महासागरातल्या भाषांची भावकी

वाचकहो, शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा टांगलेला असेल तर जरा जवळ जाऊन पाहा. आशियाच्या पूर्वेला आणि अमेरिकेच्या पश्चिमेला जो निळा भाग दिसतो तो पॅसिफिक महासागर. आपल्या नकाशात बहुधा त्याचे दोन तुकडे पडतात, एक उजव्या कडेला, एक डाव्या कडेला. त्यामुळे तो केवढा अफाट आहे हे मुलांच्या ध्यानात येत नाही. पृथ्वीचा गोल मिळाला तर फार बरे. त्या निळ्यात मोहरीएवढे ठिपके दिसतील. उत्तरेला हवाई बेटे, नैर्ऋत्येला न्यूझीलंड, आणि पूर्वेला अगदी एकटे पडलेले ईस्टर बेट. तिथले लोक आपल्या बेटाला रापा नुई म्हणतात. हे तीन ठिपके रेघांनी जोडा, म्हणजे एक त्रिकोण होतो. हवाईपासून न्यूझीलंड सुमारे सात हजार किलोमीटर. मुंबईहून दिल्लीपर्यंत विमानाने जेवढे अंतर, त्याच्या सहापट म्हणा ना. या त्रिकोणात टोंगा, सामोआ, ताहिती, मार्केसास, रारोटोंगा अशी कितीतरी बेटे आहेत. या सगळ्या मुलखाला पॉलिनेशिया म्हणतात. पॉलिनेशिया म्हणजे पुष्कळ बेटांचा प्रदेश.

इथे सुमारे चाळीस भाषा आहेत, आणि त्या सगळ्या एकमेकींच्या नात्यातल्या आहेत. नात्यातल्या आहेत हे कुणालाही दिसते. खरा प्रश्न पुढचा आहे. या नात्यात सख्खे कोण, चुलत कोण आणि दूरचे भाऊबंद कोण? गावात पाटलाची भावकी मोठी असते, आडनाव सगळ्यांचे एक. पण वाटणी आधी कुणाची झाली, मग कुणाची, हे जुने जाणते माणूसच सांगू शकते. भाषांच्या बाबतीत असे जाणते माणूस कुठून आणायचे?

हा प्रश्न पंडितांचा रिकामा वेळ घालवण्याचा नाही, बरं का. आपल्याकडे इतिहास शोधायचा तर शिलालेख आहेत, ताम्रपट आहेत, बखरी आहेत. काहीच नाही तर निदान एखाद्या वाड्यातले मोडीचे दप्तर तरी निघते. पॉलिनेशियात मिशनरी येईपर्यंत लिहिण्याची रीतच नव्हती. रापा नुईवर लाकडी फळ्यांवर कोरलेली ‘रोंगोरोंगो’ नावाची चिन्हे सापडली, पण ती अजून कुणाला वाचता आलेली नाहीत. हे लोक कुठून आले, आधी कोणत्या बेटावर उतरले, मग कुठे गेले, याची कागदोपत्री नोंद कुठेच नाही. पुरातत्त्वाचे लोक जमीन उकरून खापरे आणि हाडे काढतात, त्यांचा आधार मोठा आहे. पण हाड बोलत नाही. बोलते ती भाषा, आणि तिच्या पोटात जुनी हकीगत राहिलेली असते.

इंग्रज कप्तान जेम्स कुक १७६९ साली ताहितीला गेला होता. तिथून निघताना त्याने आपल्या ‘एन्डेव्हर’ जहाजावर तुपाइया नावाचा एक जाणकार घेतला. तुपाइया मूळचा जवळच्या राइआतेआ बेटावरचा. पुजारी, दर्यावर्दी आणि आजूबाजूच्या बेटांची खडान्‌खडा माहिती असलेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जहाज न्यूझीलंडला लागले. ताहितीपासून हे अंतर सुमारे चार हजार किलोमीटर. तिथले माओरी लोक आणि ताहितीचे लोक यांची गाठभेट पिढ्यान्‌पिढ्या झालेली नव्हती. तुपाइयाने किनाऱ्यावरच्या माओरींना आपल्या भाषेत हाक मारली, आणि काय आश्चर्य, त्यांना ती समजली! जहाजावरच्या इंग्रजांना नवल वाटले ते साहजिकच आहे. चार हजार किलोमीटर समुद्र ओलांडून गेलेला माणूस दुभाष्या होऊ शकतो, याचा अर्थ ही दोन घरे फार जुन्या काळी वेगळी झालेली नसावीत.

आता थोडे शब्द पाहू. घराला टोंगात ‘फाले’ म्हणतात, सामोआत ‘फाले’, ताहितीत ‘फारे’, माओरीत ‘फारे’, हवाईत ‘हाले’, रापा नुईत ‘हारे’. माणसाला टोंगात ‘तङाता’, सामोआत ‘तङाता’, माओरीत ‘तङाता’, ताहितीत ‘ता’आता’, हवाईत ‘कानाका’. मासा म्हणजे टोंगात ‘इका’, माओरीत ‘इका’, आणि सामोआ, ताहिती, हवाई या तिन्हींत ‘इ’आ’. शब्दात मधे जी खूण केली आहे तिथे घशात श्वास क्षणभर अडवायचा. आपण ‘अं’हं’ म्हणून नकार देतो तेव्हा घसा जसा अडतो तसा. त्या भाषांत तो पुरा व्यंजनाच्या मानाचा ध्वनी आहे.

गुरुजींसाठी एक गोष्ट इथे सांगून टाकतो. ‘ङ’ शिकवताना मुले हटकून विचारतात, ङ ने सुरू होणारा शब्द कोणता? मराठीत नाही, तेव्हा आपण पुढचे अक्षर घेतो. माओरी पोराला ही अडचण नाही. समुद्राच्या लाटेला त्यांच्यात ‘ङारु’ म्हणतात आणि सामोआत ‘ङालु’. हवाईत मात्र ङ चा न झाला, म्हणून तिथे लाट म्हणजे ‘नालु’.

वर दिलेले शब्द पुन्हा वाचा आणि सांगा, माओरी भाषा कुणाच्या जवळची? टोंगाच्या की हवाईच्या? टोंगात ‘तङाता’, माओरीत ‘तङाता’. टोंगात ‘इका’, माओरीत ‘इका’. हवाईचे ‘कानाका’ आणि ‘इ’आ’ कानाला किती वेगळे लागतात! कुणीही म्हणेल, टोंगा आणि माओरी सख्ख्या बहिणी आणि हवाई दूरची. उत्तर नेमके उलटे आहे. माओरी आणि हवाई जवळच्या, टोंगा दूरची. हे कसे, ते कळले की भाषांचे वर्गीकरण कळले.

असे समजा, सातवीच्या वर्गात दोन मुलांच्या गणिताच्या उत्तरपत्रिका तुमच्या हाती आहेत. दोघांनीही सात आठे छप्पन्न लिहिले आहे. यावरून एकाने दुसऱ्याचे पाहून लिहिले असे म्हणाल का? नाही, कारण बरोबर उत्तर तर अर्ध्या वर्गाने लिहिलेले असते. पण दोघांनीही सात आठे चौपन्न लिहिले, पुढच्या उदाहरणात दोघांचाही एकच हातचा राहिला आणि तिसऱ्यात दोघांनीही ‘त्रिज्या’ शब्द एकाच तऱ्हेने चुकवला, तर मग शंका उरत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तेव्हा शेकडो पोथ्यांची घराणी लावताना अशाच युक्तिवादाचा उपयोग झाला. जुना शुद्ध पाठ दोन पोथ्यांत सारखा असला तर त्यातून विशेष काही निघत नाही. नवा फेरफार सारखा असला तर दोन्हींची आई एक.

भाषेतही असेच आहे. इथे ‘चूक’ याऐवजी ‘बदल’ म्हणायचे, एवढाच फरक; कारण बदल म्हणजे काही बिघाड नव्हे. जुने ते दोघींनी जपून ठेवले, याला नात्याचा पुरावा म्हणत नाहीत. नवे ते दोघींनी मिळून केले, हा पुरावा. ‘तङाता’ आणि ‘इका’ हे जुने शब्द. टोंगाने ते जपले, माओरीने जपले. दूर गेलेल्या दोन चुलत भावांनी आजोबांची एकेक परात जपून ठेवावी, तसे हे.

आपल्याच घरातले उदाहरण घ्या. मराठीत वीस, हिंदीत बीस. मराठीत वाघ, हिंदीत बाघ. विंचू आणि बिच्छू. बंगालीतही वाघाला बाघच. गुजरातीत मात्र आपल्यासारखे वीस आणि वाघ. मग मराठी आणि गुजराती ‘व’ च्या नात्याने सख्ख्या झाल्या का? संस्कृतात पाहा: विंशति, व्याघ्र, वृश्चिक. म्हणजे ‘व’ हा मूळचा. मराठी आणि गुजराती यांनी तो तसाच ठेवला इतकेच. त्यांचे नाते ठरवायचे तर दुसरा पुरावा आणावा लागेल. वर्गात हा खेळ करून पाहण्यासारखा आहे. मुलांना हिंदीच्या पुस्तकातून असे ब-वाले शब्द शोधायला सांगा. पाच-दहा शब्द जमले की मुलेच म्हणतील, गुरुजी, हे सगळे एकाच चालीने चालले आहेत! ही ‘एकच चाल’ फार महत्त्वाची. एखादा शब्द दुसऱ्यासारखा ऐकू आला म्हणून नाते होत नाही.

याचे एक गमतीचे उदाहरण माओरीतच आहे. पाठीवर वाहून नेण्याला माओरीत ‘वाहा’ म्हणतात. आपले ‘वाहणे’ लगेच आठवते की नाही? एखादा उत्साही माणूस यावर लेख लिहील की आपले पूर्वज होडीत बसून न्यूझीलंडला गेले होते. पण सामोआत आणि टोंगात याच अर्थाचा शब्द ‘फाफा’ असा आहे, आणि तेच जुने रूप. ‘फाफा’ चे ‘वाहा’ कसे झाले ते पुढे येईलच. आपल्या ‘वाहणे’शी त्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग.

आता भावकीची पहिली वाटणी पाहू. त्यासाठी दोन, तीन आणि नऊ एवढे तीन आकडे पुरेत. टोंगात दोन म्हणजे ‘उआ’, तीन म्हणजे ‘तोलु’, नऊ म्हणजे ‘हिवा’. टोंगाच्या पूर्वेला नीउए नावाचे बेट आहे, तिथेही ‘उआ, तोलु, हिवा’. सामोआत ‘लुआ, तोलु, इवा’. माओरीत ‘रुआ, तोरु, इवा’. हवाईत ‘लुआ, कोलु, इवा’.

नीट पाहा. मूळ भाषेत र आणि ल असे दोन वेगळे ध्वनी होते, दोन म्हणजे ‘रुआ’ आणि तीन म्हणजे ‘तोलु’. टोंगा आणि नीउए यांनी र टाकून दिला, ल ठेवला. म्हणून ‘उआ’ पण ‘तोलु’. बाकीच्यांनी र आणि ल यांचा एकच ध्वनी केला. सामोआ आणि हवाईत तो ल झाला, माओरीत र झाला. कुठला राहिला हे महत्त्वाचे नाही, दोहोंचा एक झाला हे महत्त्वाचे. शिवाय याच बाकीच्यांनी नवाच्या आकड्यातला ह सोडला. म्हणजे पहिल्या फाटाफुटीत एकीकडे टोंगा आणि नीउए गेल्या आणि दुसरीकडे उरलेल्या सगळ्या. या दुसऱ्या मोठ्या शाखेला केंद्रीय पॉलिनेशियन म्हणू. माओरी आणि हवाई दोन्ही इथेच आहेत, आणि टोंगाचे घर वेगळे. कोड्याचे अर्धे उत्तर इथे मिळाले.

तुम्ही म्हणाल, ह काय, कुणीही गाळतो. अगदी बरोबर, आणि अभ्यासकांनाही ही शंका होती. काही बदल जिभेला इतके सोपे असतात की ते दोन ठिकाणी आपापले होऊ शकतात. ‘इका’ चे ‘इ’आ’ सामोआत झाले, ताहितीत झाले, हवाईतही झाले, पण तिघींनी मिळून केले असे मुळीच नाही. आजसुद्धा सामोआचे लोक घरगुती बोलण्यात त चा क करतात, ‘तङाता’ ला ‘कङाका’ म्हणतात. हवाईने तेच केव्हाच केले होते. दोघांनी एकमेकांना विचारलेले नाही. म्हणून एका सोप्या बदलावर घर बांधत नाहीत. निरनिराळ्या तऱ्हेचे पुष्कळ बदल एकाच दिशेने बोट दाखवतात का, ते पाहायचे. १९६६ साली अँड्र्यू पॉली यांनी उच्चारांच्या पलीकडे जाऊन व्याकरणातले प्रत्यय, सर्वनामे आणि छोटे छोटे शब्द घेऊन ही वाटणी तपासली. त्याच वर्षी रॉजर ग्रीन यांनीही आपला आराखडा मांडला. व्याकरणाचे बारीक सांधे उसने घेणे किंवा योगायोगाने सारखे होणे अवघड असते, त्यामुळे ही वाटणी पक्की झाली.

तिचा उपयोग कसा होतो ते बघा. त्रिकोणाच्या बाहेर, पश्चिमेला, सॉलोमन बेटांच्या बाजूला टिकोपिया, रेनेल, सिकाइआना अशी काही बेटे आहेत. आजूबाजूला वेगळ्या शाखांच्या भाषा आणि मधेच ही पॉलिनेशियन बोलणारी माणसे. पॉलिनेशियन लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे गेले, तेव्हा जाता जाता वाटेत राहिलेली ही मंडळी असणार असे पूर्वी पुष्कळांना वाटे. वाटेत राहिलेले असते तर त्यांच्या भाषा टोंगाचे घर वेगळे होण्याच्या आधीच्या असायला हव्या होत्या, र आणि ल अलग ठेवणाऱ्या. तशा त्या नाहीत. त्यांनीही र-ल एक केले आहेत, केंद्रीय शाखेचे इतर बदलही त्यांच्यात आहेत. म्हणजे हे लोक आधी पूर्वेला जाऊन, तिथे नवे वळण घेऊन, मग उलटे पश्चिमेला आले. दोन-तीनच्या आकड्यांनी होड्यांची दिशाच फिरवली.

आता कोड्याचा उरलेला अर्धा भाग. केंद्रीय शाखेच्या आत आणखी एक घर आहे, पूर्व पॉलिनेशियन. ताहिती, मार्केसास, रारोटोंगा, माओरी, हवाई आणि रापा नुई या त्यातल्या. ‘बाहेर’ याला सामोआत ‘फाफो’ म्हणतात. माओरीत आणि हवाईत ‘वाहो’, ताहितीत ‘वाहो’. बाई म्हणजे सामोआत ‘फाफिने’, माओरीत आणि हवाईत ‘वाहिने’, ताहितीतही ‘वाहिने’. आणि मघाचे ‘फाफा’ आणि ‘वाहा’. लागोपाठ दोन फ आले की पहिल्याचा व आणि दुसऱ्याचा ह. असला चमत्कारिक बदल दोन ठिकाणी आपोआप होईल हे संभवत नाही. तो एकदाच, एकाच ठिकाणी झाला, आणि तिथून माणसे निघाली ती हा बदल बरोबर घेऊनच न्यूझीलंडला गेली आणि हवाईलाही गेली. माओरी आणि हवाई यांचे जवळचे नाते ‘तङाता-कानाका’ मध्ये दिसत नाही, ‘वाहो’ मध्ये दिसते.

आणि रापा नुई? तिथे ‘बाहेर’ म्हणजे ‘हाहो’. दोन्हीकडे ह, व झालेलाच नाही. म्हणजे हा बदल होण्यापूर्वीच रापा नुईची माणसे त्या घरातून निघाली होती. पूर्वेच्या घरातली पहिली वाटणी तिची.

हा पुरावा आपल्या हाती आहे हे नशीबच म्हणायचे. १८६२ साली पेरूहून गुलाम पकडणारी जहाजे रापा नुईला आली आणि शेकडो माणसे धरून घेऊन गेली. परत आलेल्या थोड्यांबरोबर देवी आल्या. १८७७ साली बेटावर मोजून १११ माणसे उरली होती. एखाद्या वाडीएवढी वस्ती! तेवढ्या तोंडांतून ‘हाहो’ पुढे आला. तोही धडधाकट आला असे नाही. मिशन आणि व्यापार यांच्यामार्फत ताहितीची भाषा तिथे शिरली, आणि आकड्यांपर्यंत शिरली. आज रापा नुईत ‘पाच’ साठी जुन्या ‘रिमा’ च्या जोडीला ताहितीचा ‘पाए’ ऐकू येतो.

उसने शब्द ही वर्गीकरण करणाऱ्याची मोठी डोकेदुखी. मराठीत अण्णा आणि अक्का कन्नडातून आले, म्हणून मराठी द्राविडी होत नाही. फिजीच्या उत्तरेला रोटुमा नावाचे बेट आहे, तिथल्या भाषेत पॉलिनेशियन शब्दांची इतकी भर आहे की तिचे घर ठरवताना अभ्यासक चकत. १९६५ साली ब्रूस बिग्ज यांनी गुंता सोडवला. रोटुमाच्या स्वतःच्या जुन्या शब्दांत त चा फ होतो. डोळा इतरत्र ‘माता’, तर रोटुमात ‘माफा’. तीन म्हणजे ‘तोलु’ नव्हे, ‘फोलु’. मग ज्या शब्दांत त जसाचा तसा आहे ते शेजाऱ्यांकडून आणलेले. दोन ढिगारे वेगळे झाले आणि रोटुमाचे घर पॉलिनेशियाबाहेरचे निघाले.

रताळ्याचीही अशीच गोष्ट. माओरीत रताळे म्हणजे ‘कुमारा’, टोंगात ‘कुमाला’, हवाईत ‘उआला’. दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ बोलणाऱ्या लोकांत याच्याशी जुळणारा शब्द आहे, आणि रताळे हे पीक मूळ अमेरिकेतलेच. नॉर्वेचे थोर हायरडाल १९४७ साली ‘कॉन-टिकी’ नावाच्या तराफ्यावर बसून पेरूहून निघाले आणि १०१ दिवसांनी पॉलिनेशियातल्या रारोइआ बेटाला लागले. पॉलिनेशियात पहिली वस्ती अमेरिकेहून आली असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या धाडसाला तोड नाही, पण भाषा त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. डोळा, पाच, मासा, घर, माणूस, आत-बाहेर हे रोजचे शब्द पश्चिमेकडे बोट दाखवतात. पाचाला पॉलिनेशियात ‘लिमा’ किंवा ‘रिमा’, मलायात ‘लिमा’, आणि थेट आफ्रिकेजवळच्या मादागास्करात ‘दिमी’. ही ओढ हॉलंडच्या रेलांड नावाच्या पंडिताने १७०८ सालीच ओळखली होती. या अवाढव्य कुळाला ऑस्ट्रोनेशियन म्हणतात. त्यात बाराशेच्या आसपास भाषा आहेत आणि त्याच्या सर्वांत जुन्या फांद्या ताइवानच्या मूळ रहिवाशांकडे आहेत. रताळे तेवढे अमेरिकेतून आले. पुढे २०२० मध्ये रक्तगुणांच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसले की सुमारे इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन आणि अमेरिकेतले मूळ लोक यांची गाठ पडली होती. गाठ पडली हे खरे. पण गाठ पडणे वेगळे आणि पोटी जन्म घेणे वेगळे. आपल्या बटाट्याचे नाव पोर्तुगीजांकडून आले, तसेच हे.

या सगळ्या कामात एक सोपी वाट काही जणांनी काढली होती. शंभर-दोनशे रोजच्या शब्दांची यादी घ्यायची, दोन भाषांत किती जुळतात ते मोजायचे, आणि टक्क्यांवरून नाते ठरवायचे. सुरुवातीच्या चाचपणीला ही रीत बरी. पण ताहितीने तिची फजिती केली. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव घेत नसत आणि कधी कधी त्या नावाशी जुळणारा साधा शब्दही टाळत, हे जुन्या माणसांना आठवत असेल. ताहितीत ‘पि’ नावाची चाल होती. राजाच्या नावात येणारा शब्द साऱ्या रयतेने टाळायचा! पोमारे हे राजाचे नाव. ‘पो’ म्हणजे रात्र, ‘मारे’ म्हणजे खोकला. झाले, रात्रीला ‘रुइ’ म्हणू लागले आणि खोकल्याला ‘होता’. दोन आणि पाच यांचे जुने शब्दही ताहितीत अशाच चालीमुळे गेले असे अभ्यासक मानतात. टक्के मोजणाऱ्याला वाटणार, ताहिती दूरची. प्रत्यक्षात नाते होते तिथेच आहे, भांडी तेवढी बदलली.

इतके सांगून झाल्यावर सगळे मिटले असे मात्र समजू नका. टोंगाची वाटणी सर्वमान्य आहे. पूर्वेचे घर आहे हेही सर्वमान्य आहे. त्या घराच्या आतल्या भिंती कुठे, यावर वाद आहे. ग्रीन यांनी १९६६ साली माओरीला ताहितीच्या पडवीत आणि हवाईला मार्केसासच्या पडवीत बसवले होते, आणि पाठ्यपुस्तकांतून ते पन्नास वर्षे चालले. २०१४ साली मेरी वॉलवर्थ यांनी पुरावा पुन्हा तपासून म्हटले की या दोन पडव्यांमधली भिंत फार कच्ची आहे. ही बेटे वसल्यावरही होड्यांची येजा चालू होती, बदल एकीकडून दुसरीकडे जात होते. मला त्यांचे म्हणणे पटते. वाटणी झाली तरी भाऊ एकमेकांच्या लग्नाला जातात, आणि नव्या चालीरीती घेऊन येतात. झाडाच्या फांदीला ते जमत नाही, म्हणून वंशवृक्षाचे चित्र काही ठिकाणी अपुरे पडते.

दुसरा वाद त्याहून मोठा. पूर्वेचे लोक सामोआच्या बाजूने सरळ पूर्वेला गेले अशी समजूत होती. २०१२ साली हवाईचे विल्यम विल्सन यांनी वेगळाच रस्ता सुचवला. सॉलोमन बेटांच्या उत्तरेला नुकुरिया, टाकू, नुकुमानु, लुआंगिउआ, सिकाइआना अशी छोटी बेटे आहेत. तिथल्या भाषांनी केलेले काही नवे बदल पूर्व पॉलिनेशियन भाषांतही आहेत आणि सामोआत नाहीत, असे त्यांनी दाखवले. हे खरे ठरले तर ताहिती, हवाई आणि न्यूझीलंड या सगळ्यांचे पूर्वज या सुदूर पश्चिमेच्या ठिपक्यांकडून आले, असे म्हणावे लागेल. मघाशी जी माणसे उलटी पश्चिमेला गेली, त्यांच्यातलीच काही पुन्हा पूर्वेला! सर्वांना हे मान्य झालेले नाही. समान बदल पुरेसे आहेत का, त्यांतले उसने किती, सोपे किती, हीच छाननी इथेही चालू आहे.

साक्षीदार मात्र नाजूक आहेत. ही प्रवाळाची बेटे समुद्रसपाटीपासून जेमतेम वर. टाकूवर अळूच्या खाचरांत खारे पाणी शिरू लागले आहे आणि लोक पोटापाण्यासाठी बूगनव्हिलसारख्या मोठ्या बेटाकडे निघून जातात. तिथे बाजारात आणि शाळेत टोक पिसिन चालते, टाकूची भाषा नाही. रिचर्ड मॉइल यांनी टाकूवर अनेक वर्षे जाऊन-येऊन तिथली गाणी आणि बोलणे टिपून घेतले आणि २०११ साली त्या भाषेचे व्याकरण व शब्दकोश प्रसिद्ध केला. विल्सन यांचा लेख आला तो त्याच्या पुढल्याच वर्षी.